अमावस्येला मोडलेलं औषध

अळणावर
२२ डिसेंबर २०२४, रविवार

भारती,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला टाकशील, म्हणून पहिल्यांदाच सांगतो की पत्र माझ्याबद्दल नाही, आईच्या औषधाबद्दल आहे. माझा फोन तू उचलत नाहीस. सहा वर्षं झाली, त्याचं आता काही म्हणत नाही. पण औषधाची तिथी आठ दिवसांवर आली आहे आणि ती चुकवून चालत नाही.

प्रवीणराव आईला हुबळीला घेऊन गेले त्याला आज सतरा दिवस झाले. मी स्टेशनापर्यंत आलो होतो. म्हटलं, "मोठ्या डॉक्टरला दाखवायचं तर दाखवा, पण ती चालते कशी हे आधी दाखवा." ते म्हणाले, "मामा, ते आम्ही बघतो." गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून हात बाहेर काढून बसली होती. हात आत घे म्हणून ओरडलो, तिला ऐकू गेलं नसावं.

ती चालते हे तू बघितलंस ना? गेल्या संक्रांतीला तिची बोटं वळत नव्हती. कप दोन्ही हातांनी धरायची. वेणी शेजारची मथुरा घालून द्यायची. ही मथुरा तू गेल्यावर राहायला आली, तू तिला ओळखत नाहीस. विधवा आहे, तोंडाची फटकळ, पण फोन तिच्याकडे चांगला आहे. होळीनंतर मी पुडी चालू केली आणि उन्हाळा संपायच्या आत तुझी आई पाट्यावर चटणी वाटायला लागली. गाल भरले, तोंड गोल झालं. मथुरा म्हणायची, "शेवंताक्का, बाळंतीण दिसतीस की गं." आई लाजायची. ह्या वयात.

आता काम नीट ऐक. आपल्या घरात औषध द्यायची जशी रीत आहे तशी ते मोडायची पण आहे. गुण कितीही येऊ दे, वर्ष पुरं व्हायच्या आत अमावस्या धरून मोडायचं, नाहीतर ते अंगाला चिकटतं. माझ्या बापानं असंच केलं, त्याच्या बापानं पण. येळ अमावस्या सोमवारी ३० तारखेला आहे. त्या दिवशी सकाळची पुडी शेवटची. उरलेली झाडाच्या बुंध्याशी घाल, तुळशीत नको. मग एकवीस दिवस अळणी. मिठाचा कण नको. पापड, लोणचं, बाहेरचं काहीही नको. तुझ्या हाताला सवयीनं मीठ पडेल, म्हणून तिचं वेगळं भांडं कर. तिला नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही, तेव्हा दूध दे.

तुला माझं औषध विष वाटतं हे मला माहीत आहे. तू अकरा वर्षांची असताना ताप आला, गुडघे सुजले, मग घोटे सुजले. मी निर्गुडीचा पाला बांधला, सूज उतरली, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो. ती सांध्यातली आग आत जाऊन तुझ्या काळजाची झडप खाऊन गेली हे लग्नानंतर कळलं. ऑपरेशन झालं, मूल नको म्हणाले. पण आई बरी झाली आहे ना? ते तरी डोळ्यांनी बघ.

आईला अक्षर येत नाही. तिला हे वाचून दाखव. माझं नाव तोंडात नको असेल तर नाव सोडून वाच.

गोपाळ (तुझा अप्पा)

४ जानेवारी २०२५

भारती,

आज मथुराच्या फोनवरून प्रवीणरावांना लावला. मी जवळ उभा होतो. मथुरानं फोनचा आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळं ऐकलं.

मथुरा म्हणाली, "कसं हाय शेवंताक्काचं?"

ते म्हणाले, "दोन दिवस उलट्या होतायत. उठून बसवलं की घेरी येते. सांधे पहिल्यापेक्षा जास्त दुखतात, हात लावू देत नाहीत."

"आणि खाणं?"

"तेच तर. अळणी पेज. भारती म्हणते मीठ घालू, तर सासूबाई तोंड मिटून घेतात. त्यांनी सांगितलंय म्हणतात."

मथुरानं फोन माझ्यापुढं धरला. "गोपाळअण्णा, बोला की. जावई हाय तुमचा, पोलीस न्हवं." मी मानेनंच नाही म्हटलं. ते तिकडून हॅलो हॅलो म्हणत राहिले.

घाबरू नकोस. औषध मोडलं की अंगातून निघताना त्रास देतंच. माझ्या बापाकडं येणारी माणसं पण चार-आठ दिवस कुरकुर करायची. उलटी झाली म्हणजे जुना आम, अंगात साचलेला मळ, पडतो आहे असं समज. अळणी मोडू नकोस, अजून सोळा दिवस. सुंठीचं पाणी दे, कोमट.

तू पत्र वाचून दाखवलंस हे ह्यावरून कळलं. बरं वाटलं.

तिला पायाकडून पांघरूण घाल, तिची पावलं गार पडतात. आणि हुबळीला डास फार, मच्छरदाणी आहे का ते कळव. कळवणार नाहीस, पण लिहून ठेवतो.

अप्पा

८ जानेवारी

भारती,

तुझा निरोप मथुरानं वाचून दाखवला. "आईला दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर विचारतात पुडीत काय होतं. अप्पांना सगळं लिहून द्यायला सांगा, लगेच." ती इथंच उभी आहे, कागदाचा फोटो काढून तुला पाठवते म्हणते, म्हणून थोडक्यात लिहितो.

निर्गुडीचा पाला सावलीत वाळवलेला. एरंडाचं मूळ. सुंठ. रास्ना. गुळवेल. थोडा ओवा. सगळं मी स्वतः आणलेलं, स्वतः कुटलेलं. बापाच्या वेळेपासून हेच आहे. दुसरं काही नाही.

अप्पा

१० जानेवारी, शुक्रवार

भारती,

हे पत्र मथुराला दाखवणार नाही. फोटो काढायचा तर तिच्या हातात द्यावं लागतं आणि ती वाचल्याशिवाय राहायची नाही. म्हणून मी स्वतः घेऊन येतो. उद्या सकाळची गाडी. पत्र हातात दिलं की परत जाईन, आत येणार नाही.

परवा लिहिलं ते खरं नाही.

म्हणजे निर्गुडी होती, सुंठ होती. पण ती नावाला. बापाचं औषध तुझ्या आईला लागू पडलंच नाही. दोन वर्षं दिलं. दुसऱ्यांच्या बायका येऊन नारळ ठेवून जायच्या, पाया पडायच्या, आणि माझ्या घरात माझी बायको न्हाणीत बसली की तिला उचलायला मथुराला बोलवावं लागायचं. लोक बघत होते. एक जण तोंडावर म्हणाला, "अण्णा, दिव्याखाली अंधार." मला रानात जायला गुडघे साथ देत नव्हते. मूळ खणायला बसलो की उठता येत नव्हतं.

बाजाराच्या कडेला एक तंबूवाला बसायचा. मुळ्या, साली, काचेच्या बरण्या. त्याच्याकडं करड्या रंगाची भुकटी होती. डोंगरातली जडीबुटी म्हणाला. मी म्हटलं, नाव काय? तो हसला. "अज्जा, तुम्ही तुमच्या औषधाचं नाव सांगता का कोणाला?" खरंच सांगत नाही. आपल्यात नाव सांगितलं तर गुण जातो. म्हणून मी पुढं विचारलं नाही. धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसाला विचारू नये असं मला वाटलं.

आधी मी स्वतः घेऊन बघितली. तिसऱ्या दिवशी गुडघा वाकला. भारती, मी उकिडवा बसलो आणि रडलो. मग तुझ्या आईला दिली. मग मथुराला, तिचे गुडघे धरले होते. मग जो येईल त्याला. निर्गुडी वासापुरती वरून घालायचो. लोकांना वाटलं गोपाळच्या हाताला यश आलं. मला पण थोडं तसंच वाटायला लागलं होतं.

आता जे सांगायला बसलो आहे ते. डबा देताना तो तंबूवाला दरवेळी म्हणायचा, "एकदम बंद करायची नाही हां अज्जा. कमी कमी करत आणायची." मला वाटलं, विकणारा असंच म्हणणार. माल खपत राहावा म्हणून म्हणतो. दुकानदार कधी म्हणेल का, घेणं बंद करा? बापाची रीत मला खरी वाटली आणि त्याचं बोलणं लबाडी वाटली. ते नेमकं उलटं होतं.

मला ते चार तारखेलाच आठवलं होतं, प्रवीणराव हॅलो हॅलो करत होते तेव्हा. पण मथुरा शेजारी होती. परवा यादी लिहिताना पण होती. तिच्यासमोर कसं लिहू की मी तिला पण इतके महिने दुसऱ्याची भुकटी माझी म्हणून चारली?

डॉक्टरला सांग की पुडी बाजारची होती, नऊ महिने रोज होती, अमावस्येला एकदम बंद केली, आणि वर अळणी. त्यांना ह्यातून कळेल. डब्यातली चिमूटभर कागदात बांधून सोबत आणतो.

मीठ घाल तिला. मी सांगितलं म्हणून सांग, म्हणजे खाईल.

अप्पा

२५ जानेवारी

भारती,

तेरावं झालं असेल. मला कोणी बोलावलं नाही, ते बरोबरच आहे. मी इथं दाढी-मिशी उतरवली आणि विहिरीवर आंघोळ केली. कावळ्याला घास ठेवला तो कुत्र्यानं खाल्ला.

दहा तारखेचं पत्र ह्या पाकिटात घालतो आहे. ते तुला मिळालेलं नाही. का मिळालं नाही ते सांगितलं पाहिजे.

अकरा तारखेला मी हुबळीला, तुमच्या कमरीपेठेत आलो होतो. गाडी वेळेवर होती, उशीर गाडीमुळं झाला असं म्हणायला जागा नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर थांबलो. एक चहा घेतला, मग दुसरा घेतला. आत यायला धीर होत नव्हता. शेवटी आलो तर प्रवीणराव पायरीवर बसले होते, चप्पल घातलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. मला बघून उठले नाहीत.

म्हणाले, "पहाटे गेल्या, मामा."

मी पत्र पुढं केलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. त्यांनी बसल्या जागी वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, "डॉक्टरांनी भारतीला तीनदा विचारलं. आईचं तोंड सुजलंय, कातडीवर काळेनिळे डाग आहेत, ह्यात इंग्रजी गोळ्या कुटून घातलेल्या नव्हत्या ना? स्टेरॉइड म्हणतात ते. असलं काही असेल तर लगेच सांगा म्हणाले, त्याच्यावर इंजेक्शन आहे. भारतीनं तुमची यादी दाखवली. म्हणाली, नाही डॉक्टर, माझे अप्पा कसेही असोत, औषधात भेसळ करणार नाहीत. स्वतः रानातून आणतात."

मग म्हणाले, "ती तुमच्या बाजूनं बोलली, मामा. पहिल्यांदा."

भारती, त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते विचारत होते, "हे तिला दाखवू का? तुम्हीच सांगा." आणि मी म्हटलं, नको. कागद त्यांच्या हातातून परत घेतला. आतून बायकांचा आवाज येत होता. मी आईचं तोंड बघितलं नाही. स्टेशनावर येऊन बसलो.

आज पाठवतो आहे कारण मथुरा काल सांगत होती. प्रवीणरावांनी तिला फोनवर सांगितलं की तू जेवत नाहीस, आणि सारखं म्हणतेस, मीच तिला ते पत्र वाचून दाखवलं, मीच तिचं वेगळं भांडं केलं. तुझं काळीज आधीच फाटकं. तू उपाशी राहू नकोस. तू वाचलंस, पण लिहिलं मी. डॉक्टरला खोटं तू नाही सांगितलंस, मी सांगितलं, तुझ्या तोंडून. हे प्रवीणरावांना आणि ज्यांना हवं त्यांना दाखव. पोलिसांना द्यायचं असेल तर दे. सही खाली नावानं करतो.

गोपाळ

१९ फेब्रुवारी

भारती,

तू मथुराच्या फोनवर पाठवलेला निरोप मिळाला. "अप्पांना सांगा, पुडी एकदम बंद करू नका. डॉक्टरकडे जाऊन दाखवा, ते हळूहळू कमी करतात. मथुराअक्का, तुम्ही पण जा. ज्यांना ज्यांना दिली त्यांना सांगा." माझ्याशी बोलायचं नाही तरी एवढं लिहिलंस. त्यात आशीर्वाद-नमस्कार काही नव्हता, मी दोनदा विचारलं मथुराला.

सांगायला गेलो होतो. जेवढी घरं आठवली तेवढी फिरलो. एका घरात म्हातारीनं डबा पदराखाली लपवला आणि म्हणाली, "बायको गेली म्हणून डोकं फिरलंय अण्णाचं." दुसऱ्या घरी ऐकून घेतलं आणि तिथंच मोरीत ओतायला निघाले, त्यांना हाताला धरून थांबवावं लागलं. मोरीत ओतू नका, रोज घ्या, पण डॉक्टरला विचारून घ्या, असं सांगितल्यावर ती माणसं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. विष आहे आणि घेत राहा, हे कोणाला पटणार? एक जण देवळाकडचा आधीच बंद करून आडवा झाला आहे. त्याच्या मुलांनी मला दारातून हाकललं. कसा आहे कळलं नाही.

मथुराला सांगितलं तेव्हा तिनं हातातली भांडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तुमच्या हाताला देव हाय." आणि भांडी घासायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र दारात उभी. "चला धारवाडला. माझं एकटीनं जमायचं न्हाई, कन्नड डॉक्टरीण असली तर तुम्ही बोला."

काल गेलो. सरकारी दवाखान्यात मोठी रांग. मथुराचा नंबर आधी होता. मी तिच्या मागं उभा. डॉक्टरीण तरुण पोर, तुझ्यापेक्षा लहानच. मथुरानं पदराची गाठ सोडून पुडी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, कधीपासून, किती, तोंड कसं सुजलं. कन्नड तिला माझ्यापेक्षा बरं येतं, मला उगीच नेलं होतं. डॉक्टरीण पुडी बोटानं चाळवून बघत होती. कोणी दिली, असं विचारलं.

मथुरानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी तयार होतो. तुला लिहिलं, पोलिसांचं लिहिलं, तेव्हा इथं काय, असं मनात म्हणत होतो.

ती म्हणाली, "बाजारात घेतली."

तिला गोळ्या लिहून दिल्या. दर आठवड्याला किती कमी करायच्या ते कागदावर चौकोन काढून समजावून दिलं, आणि मिठाला भिऊ नका म्हणाली. मग माझ्याकडं वळली. माझे गुडघे दाबून बघितले, बोटं बघितली, डोळ्याची पापणी ओढून बघितली. माझं पण तोंड गोल झालं आहे, भारती. मी आरशात बघत नाही, पण दाढी करताना हाताला कळतं. काल सकाळीही पुडी खाऊनच निघालो होतो. डब्यात बोटभर राहिली आहे आणि तो तंबूवाला दिवाळीपासून आलेला नाही. हे सगळं सांगायलाच मी गेलो होतो. गाडीत मनात दहा वेळा म्हणून बघितलं होतं.

तिनं विचारलं, "अज्जा, ब्यारे एन औषध तोगोतीरी?" दुसरं काय औषध घेता?

मागं रांगेत आपल्या गावची दोन माणसं होती.

मी म्हटलं, "एनू इल्ला." काही नाही.

मथुरा खाली बघत होती. डॉक्टरणीनं गुडघ्याला चोळायचं तेल लिहून दिलं आणि पुढच्याला बोलावलं.

अप्पा